साहेब, काउंटर बंद झाला

दारू पिणाऱ्यावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे आणि ती सुटावी म्हणून त्याहून जास्त. कीर्तनकारांनी तिला झोडपलं. गावोगावच्या बायकांनी मतदान घेऊन आडवी बाटली निवडून आणली आणि दुकानं बंद पाडली. राम गणेश गडकऱ्यांनी तर सबंध महाराष्ट्राला रडवलं. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते १९१९ साली, गडकरी गेल्यावर महिन्याभरात, आणि तेव्हापासून त्यातला वकील सुधाकर बुडतोच आहे. या सगळ्या गर्दीत एक इसम मात्र कायम नजरेआड राहिला. ज्याच्या हातून ग्लास टेबलावर येतो, तो. नाटकात ही कामगिरी तळीरामाकडे होती. सनद गमावून बसलेल्या वकिलापुढे प्याला त्यानेच सरकवला. पण थर्टी फर्स्टच्या दुसऱ्या दिवशी ‘तळीरामांवर कारवाई’ म्हणून पेपरात जे फोटो येतात, ते सगळे पिणाऱ्यांचे. पाजणारा तेव्हा हॉटेलात फरशी पुसत असतो.

मला हा माणूस जवळून बघायला मिळतो, कारण मी पीत नाही. न पिणाऱ्या माणसाचं परमिट रूममध्ये काय काम, असा प्रश्न आमच्या घरी अधूनमधून विचारला जातो. उत्तर सोपं आहे. चार जण ‘बसायचं’ ठरवतात तेव्हा पाचवा गाडी चालवायला लागतो. शिवाय मसाला पापड, उकडलेल्या शेंगा आणि चिकन चिली संपवायला कुणीतरी शुद्धीवरचा लागतो. ही दोन्ही कामं मी निष्ठेने करतो. पण लिंबू सोडा पुढे घेऊन तीन तास बसायचं म्हणजे करायचं काय? तोच विनोद चौथ्यांदा ऐकून हसण्याची सोय मला नाही. टीव्हीवरची मॅच मित्रांच्या डोक्यांआड जाते. मग मी वेटर बघतो.

आत शिरण्याआधी थोडा कायदा सांगून टाकतो, कारण आत शिरल्यावर तो कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. म्हणजे आपल्याकडे बंदी हा नियम आणि पिणं हा अपवाद. अपवाद व्हायचं तर परवाना काढायचा. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये, वर्षाचा १०० आणि आजन्म १०००. हजार रुपयांत जन्मभराचं काही मिळण्याची राज्यातली ही बहुधा शेवटची सोय असावी. परवाना मिळतो तो प्रकृतीच्या रक्षणासाठी. कागदोपत्री पाहिलं तर शनिवारी रात्री परमिट रूममध्ये कोंबून बसलेली सगळी माणसं तब्येत सांभाळायला आलेली असतात. प्रत्यक्षात तिथे परमिट सोडून सगळं मिळतं. परवान्यांचं पुस्तक गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि त्यात कुणाकुणाच्या प्रकृतीची नोंद होते ते गल्ल्यावरच्या माणसालाच माहीत.

वयाची गंमत आणखी वेगळी. बिअरला २१ वर्षं, व्हिस्की-रमला २५. मत अठराव्या वर्षी देता येतं, मुलाला लग्न एकविसाव्या वर्षी करता येतं आणि आमदारकीला उभं राहायचं तर पंचवीस लागतात. म्हणजे व्हिस्की आणि विधानसभा या दोन गोष्टींना सारखीच परिपक्वता लागते असं आपण धरून चाललो आहोत. गोव्यात अठरा पुरतात. सावंतवाडीचं पोरगं पत्रादेवीचा नाका ओलांडून पलीकडे गेलं की पाच मिनिटांत सात वर्षांनी मोठं होतं, आणि परत येताना पुन्हा लहान.

हे सगळं पाळायचं कुणी? सरकारने? सरकार दुपारी येतं, हिशेबाची वही बघतं आणि जातं. आमच्या नेहमीच्या परमिट रूममध्ये हे सगळं नानांनी पाळायचं असतं.

नाना कॅप्टन आहेत. कॅप्टन म्हणजे ज्याला वेटरपेक्षा पगार थोडा जास्त आणि शिव्या दुप्पट. मालक उडुपीकडचे, नाना कळंबकडचे, त्यामुळे दोघं एकमेकांशी हिंदीत भांडतात. पांढरा शर्ट, काळी पँट, खिशाला पेन, खांद्यावर नॅपकिन आणि शर्टाच्या आत तुळशीची माळ. नाना माळकरी आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांना पाजून स्वतः थेंब न चाखलेला हा माणूस. आषाढी एकादशीला ड्राय डे असतो, त्यामुळे नानांचा उपास आणि मालकाचा उपास एकाच दिवशी घडतो. मी एकदा विचारलं, “नाना, माळ घालून हे काम कसं काय?” नाना म्हणाले, “देव बघतोय ना. मग मी पण बघतो, कोण किती पितंय.”

ते खरंच बघतात. पोलिसांकडे तोंडाने फुंकायचं यंत्र असतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं आणि पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नानांकडे यंत्र नाही. ते नाती मोजतात.

गिऱ्हाईक येऊन बसतं तेव्हा “ओ, जरा मेन्यू द्या” असं असतं. हा शुद्ध व्यवहार. पहिला पेग पोटात गेला की “नाना” होतं. दुसऱ्याच्या मध्यावर “नाना, तुम्ही जेवलात का?” गिऱ्हाइकाला वेटरच्या जेवणाची काळजी वाटू लागली की नाना काउंटरकडे एकदा बघून घेतात. त्यानंतर “नाना, गाव कुठलं तुमचं?” हा प्रश्न त्याच माणसाने मागच्या शनिवारीही विचारलेला असतो आणि उत्तर ऐकून “कळंब? आपला मावसभाऊ आहे ना तिकडे!” हेही म्हटलेलं असतं. मग डोळ्यांत पाणी आणून, “नाना, तुम्ही मला वडिलांसारखे.” इथे नाना बिलाची बेरीज मारून ठेवतात. पुढची पायरी “तू माझा भाऊ आहेस, सख्ख्यापेक्षा जास्त.” तुम्हीचा तू झाला. आता साठ मागितले तर तीस येणार आणि तेही सावकाश. आणि सगळ्यात शेवटी, टेबलावर हात आपटून, “ए नान्या, मालकाला बोलव!”

वडिलांपासून नान्यापर्यंतचा हा उतार तास-दीड तासाचा. नानांच्या मते सगळं कसब वडील असतानाच वापरायचं असतं. “तेव्हा माणूस ऐकतो साहेब. बापाचं ऐकायची सवय असते. भावाचं कोण ऐकतं?” जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाचं हे निरीक्षण आहे, त्यावर मी काय बोलणार.

एका शनिवारी शेजारच्या टेबलावर मी हे कसब पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. तिथे चौघे होते. त्यांच्यातल्या एकाच्या जमिनीचं एनए झालं होतं, त्यामुळे आनंद गुंठ्यांत मोजला जात होता. एनएवाले साहेब वडिलांची पायरी ओलांडून भावाकडे निघालेले.

“नाना, रिपीट.”

“आणतो साहेब. तोवर गरम काय देऊ? तंदूर पेटलाय.”

“रिपीट म्हटलं ना मी?”

“रिपीट तर आहेच. पण मघापासून बघतोय, तुमच्या पोटात काही गेलंच नाही. बाकीच्यांनी सगळं खाल्लं.”

हा घाव वर्मी बसला. साहेबांनी मित्रांच्या प्लेटांकडे संशयाने पाहिलं आणि आपल्याला उपाशी ठेवून हे लोक चरताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या विषयावर टेबलावर दहा मिनिटं चर्चा चालली. नाना एव्हाना किचनमध्ये गायब झाले होते. कॅप्टनने किचनमध्ये गायब होणं हे मोठं शास्त्र आहे. हॉटेल भरलेलं असताना दिसेनासं व्हायचं, पण मालकाला दिसत राहायचं. वीस मिनिटांनी ते परतले ते दाल खिचडी, ताक आणि पाण्याचा जग घेऊन. कुणी मागवलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने मागवलं. खिचडी संपली. मग पुन्हा आठवण झाली.

“नाना, माझं रिपीट?”

“साहेब, तुमचा ब्रँड संपला.”

“संपला? ती काय समोर बाटली दिसतेय!”

“ती डिस्प्लेची आहे. आत चहाचं पाणी आहे.”

साहेबांनी बराच वेळ त्या बाटलीकडे पाहिलं. मग जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाच्या धोरणाने म्हणाले, “मग ते दे. बर्फ घालून.”

आणि नानांनी दिलं. स्टाफसाठी उकळलेला कोरा चहा, थंड केलेला, वर तीन खडे बर्फ आणि सोडा. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि मित्रांना म्हणाले, “ही खरी चीज. तुम्ही लोक पिता ते काय.” बिलात चहाचे वीस रुपये लागले होते. नाना हिशेबाला चोख.

या सगळ्या नाटकात एक वाक्य नाना चुकूनही उच्चारत नाहीत: “साहेब, तुम्हाला चढलीय.” हे वाक्य म्हणजे आगीत रॉकेल. त्याला एकच उत्तर येतं, “मला चढलेली नाही,” आणि ते उत्तर न चढलेल्या माणसाने दिल्याचं नानांच्या उभ्या नोकरीत एकही उदाहरण नाही. म्हणून नानांकडे स्वतःचा असा नकारच नसतो. नकार नेहमी बाहेरून येतो. काउंटर बंद झाला. बर्फ संपला. एक्साइजवाले खाली उभे आहेत. पोलिसांची गाडी आत्ताच चक्कर मारून गेली. मालकाच्या सासऱ्यांचं कमी-जास्त आहे, लवकर बंद करायचंय. (हे सासरे माझ्या हिशेबाने बरीच वर्षं अत्यवस्थ आहेत.) दोष कुणाचाही असो, गिऱ्हाइकाचा नसतो. त्यामुळे गिऱ्हाईक नानांवर चिडत नाही. उलट नानांच्या बाजूने सरकारवर चिडतं आणि त्या भरात उठून उभं राहतं. एकदा उभं राहिलं की अर्धं काम झालं. दारू किती झालीय हे बसलेल्या माणसाला कळत नाही, उभा राहिला की पाय सांगतात.

दुसरा नियम, हात लावायचा नाही. खांद्यावर हात ठेवला की पिणाऱ्याला दोनच अर्थ दिसतात, एकतर मिठी नाहीतर मारामारी. नाना हात मागे बांधून उभे राहतात आणि बोलतात ते त्या माणसाशी नाही, टेबलावरच्या सगळ्यात शुद्धीतल्या माणसाशी. आमच्या टेबलावर ते पद कायमचं माझ्याकडे असल्यामुळे नाना माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणतात, “साहेब, तुमच्या उजव्या बाजूचे आता बास.” जणू डॉक्टर नातेवाइकाला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन रिपोर्ट सांगतोय. त्यानंतर उजव्या बाजूची जबाबदारी माझी. पगार मात्र नानांना मिळतो.

मग येतं लिंबू पाणी. या लिंबू पाण्यावर महाराष्ट्राची जेवढी श्रद्धा आहे तेवढी क्वचितच कशावर असेल. कुणी लिंबाचं लोणचं चाटवतं, कुणी ताक, कुणी कडक कॉफी, कुणी डोक्यावर गार पाणी. यांतलं काहीही दारू उतरवत नाही. उतरवण्याचं काम यकृताचं आणि यकृत सरकारी कचेरीच्या वेगाने चालतं. ३० मिलिलिटरचा एक छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, आणि तेवढं निस्तरायला त्याला तासभर तरी लागतो. वर कितीही अर्ज साचले तरी ते घाई करत नाही, आणि लिंबू पिळून फाइल पुढे सरकत नाही. कॉफीने फार तर झोप उडते, म्हणजे झोपेला आलेल्या दारुड्याचा जागा दारुडा होतो. ही काही सुधारणा नव्हे. पोटात अन्न असेल तर दारू रक्तात सावकाश उतरते हे खरं, पण त्यासाठी खिचडी आधी खायला हवी; ग्लास रिकामे झाल्यावर तिचा उपयोग जेवण म्हणूनच.

मी हे सगळं नानांना एकदा समजावून सांगितलं. नाना म्हणाले, “ठाऊक आहे.”

“मग लिंबू पाणी का देता?”

“लिंबू पिळायला पाच मिनिटं, मीठ-साखर ढवळायला दोन, त्यांना प्यायला दहा. तेवढा वेळ पेग जात नाही ना?”

नानांचा सगळा धंदाच वेळेचा आहे. दारू मालक विकतो, नाना उशीर विकतात.

पोरांच्या टेबलावर मात्र नानांचं हे गणित अडतं. कॉलेजची पोरं नाती वगैरे जोडत नाहीत, मोबाइल बघत पितात. त्यातून कायद्याने त्यांना बिअर चालते, आणि बिअर म्हणजे काय, पाणीच, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज. जरा हिशेब करू. ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरमध्ये आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. म्हणजे बाटलीमागे चाळीसेक ग्रॅम. म्हणजे चार छोटे पेग. व्हिस्कीला अजून लहान असलेला एकवीस वर्षांचा मुलगा दोन स्ट्राँग बिअर पितो तेव्हा आठ छोटे पेग रिचवून, कायद्याचं एकही कलम न मोडता, बाईकची किल्ली शोधू लागतो. वय विचारलं तर मोबाइलमध्ये आधार कार्डाचा फोटो दाखवतो. आधारवरच्या फोटोवरून खुद्द आधारवाला ओळखू येत नाही, तिथे नानांनी अंधाऱ्या दिव्यात जन्मसाल वाचायचं. तरी ते वाचतात, चष्मा लावून. एकदा एका मुलाने चिडून विचारलं, “माझी दाढी दिसत नाही का?” नाना म्हणाले, “दाढी आमच्या बोकडालाही होती.”

यात हसण्यासारखं नेहमीच असतं असं नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका आलिशान गाडीने मध्यरात्रीनंतर दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणारा अल्पवयीन होता. त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून हॉटेलांचे मालक आणि व्यवस्थापक पकडले गेले. त्यानंतर काही आठवडे पुण्यात साठीतल्या माणसांकडेही वयाचा पुरावा मागत होते. आमच्या ग्रुपमधल्या एका आजोबा झालेल्या गृहस्थांना दारावर आधार कार्ड विचारलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी ते पुन्हा एकदा विचारायला लावलं. मग पावसाळा आला आणि आधार कार्डं पाकिटात परत गेली. नानांचा चष्मा तेवढा आधीही होता आणि नंतरही राहिला.

असं काही घडलं की वरचं कुणीतरी मापपट्टी काढतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. हेतू उत्तम होता. १ एप्रिल २०१७ पासून अंमलबजावणी सुरू झाली आणि देशभरच्या बारमालकांच्या अंगातला भूमितीतज्ज्ञ जागा झाला. कुणी पुढचं दार बुजवून मागच्या गल्लीत काढलं. केरळातल्या एका बारने तर रस्ता आणि दार यांच्यामध्ये नागमोडी वाटेचा भूलभुलैया बांधला, म्हणजे चालत जायचं अंतर भरेल. पिऊन बाहेर पडणाऱ्याने त्यातून वाट कशी काढायची, याचा विचार मापात बसत नव्हता. काही ठिकाणी सरकारांनीच महामार्गाचं नाव काढून त्याला शहरातला रस्ता करून टाकलं. बार तिथेच राहिला, हायवे लांब गेला.

मीटर मोजणं सोपं असतं. टेबलावर बसलेला माणूस मोजायला नाना लागतात, आणि नानांना कुणी काही शिकवलेलं नसतं.

शिकवतात कुठे, ते मला ग्रुपमधल्या एका मित्राच्या मुलीमुळे कळलं. ती सिडनीला मास्टर्स करते आणि खर्चाला हातभार म्हणून एका पबमध्ये काम करते. वडील इथे चौथा पेग मागवत असताना मुलीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तिकडे दारूचा ग्लास हातात घेऊन टेबलापर्यंत न्यायचा तरी आधी कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, कार्ड मिळतं आणि पाच वर्षांनी ते नवं करावं लागतं. कोर्समध्ये काय शिकवतात? माणूस किती प्यायलाय हे बोलण्या-चालण्यावरून कसं ओळखायचं. त्याला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन कसं सांगायचं. ‘तुम्ही प्यायलेले आहात’ असं तोंडावर म्हणायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. खायला आणि पाणी द्यायचं. मित्रांची मदत घ्यायची. घरी जायला टॅक्सी बोलावून द्यायची.

नाना मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “याचा कोर्स असतो?” त्यांच्या चेहऱ्यावर, आपण बोलतो त्याला व्याकरण म्हणतात हे आयुष्याच्या शेवटी कळल्यासारखा भाव होता.

फरक पुढे होता. मुलीने सांगितलं, नशेतल्या माणसाला तिने ग्लास भरून दिला तर दंड तिलाही होतो आणि पबलाही. म्हणून ती नाही म्हणाली की मॅनेजर तिच्या बाजूने उभा राहतो. एकदा बाहेर काढलेल्या माणसाला चोवीस तास परत आत येता येत नाही, आणि पबपासून पन्नास मीटरच्या आत घुटमळताही येत नाही. पन्नास मीटर ऐकून नानांना हसू आवरेना. आमच्या परमिट रूमच्या दाराला लागून पानाची टपरी आहे. बाहेर काढलेला माणूस तिथे पान लावून घेतो, तेवढ्यात त्याचा विचार बदलतो आणि तो नव्या गिऱ्हाइकाच्या तोऱ्यात आत येऊन “ओ, जरा मेन्यू द्या” म्हणतो. म्हणजे नाती पुन्हा पहिल्यापासून.

नाना नाही म्हणाले तर त्यांच्या बाजूने कोण उभं राहतं? मालक गल्ल्यावरून बघत असतो. एक टेबल उठवलं म्हणजे दोन-तीन हजारांचं बिल उठवलं. वर गिऱ्हाईक बाहेर जाऊन चार शिव्या घालणार आणि पुढच्या वेळी समोरच्या हॉटेलात बसणार. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत झिंगलेल्या माणसाला आणखी पाजलं आणि त्याने पुढे कुणाला उडवलं, तर पाजणाऱ्या बारवरही दावा लागतो. त्या भीतीने तिकडचा मालकच म्हणतो, आता बास. आपल्याकडे मालकाला भीती एकच, नोकर बास म्हणेल याची.

आणि या सगळ्यात पगाराइतकीच मोलाची असते ती टीप. हा भाग मला बघवत नाही. टीप कुणाला मिळते? जो साठ म्हटल्यावर साठ आणतो, काउंटर बंद झाल्यावरही हात जोडून ‘लास्ट’ काढून देतो आणि पार्किंगमध्ये “जपून जा साहेब” म्हणत गाडीचं दार उघडून धरतो, त्याला. नाना बर्फ संपला म्हणतात, खिचडी आणतात, किल्ली वॉचमनकडे ठेवून घेतात, ओळखीचा रिक्षावाला बोलावून त्याला पत्ता सांगतात, कारण गिऱ्हाइकाला तो सांगता येत नाही. फारच हट्टाला पेटलेल्याला ते कानात एवढंच विचारतात, “वहिनींना फोन लावू का?” या प्रश्नापुढे भलेभले उतरतात, यकृताला चार तास लागतात ते काम इथे चार सेकंदांत होतं. एवढं सगळं करून बिलाच्या फोल्डरमध्ये नानांसाठी उरतात बडीशेपेचे दाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच माणूस उन्हात डोकं धरून किल्ली न्यायला येतो, तेव्हा त्याला काल काय झालं ते आठवत नाही. आठवलंच तर एवढंच आठवतं की त्या कॅप्टनने आपल्याला पेग दिला नव्हता.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी जे बसतात त्यांना या शेंगा खाणाऱ्याची एक विनंती आहे. टीप शेवटी देऊ नका, पहिल्या पेगलाच द्या. टेबलावर बसलात, शुद्ध आहात, “ओ, जरा मेन्यू द्या” म्हणण्याइतका व्यवहार अंगात आहे, तेव्हाच शंभराची नोट कॅप्टनच्या हातात ठेवा, गाडीची किल्ली त्याच्या खिशात टाका आणि सांगा, “आज दोनच. तिसरा मागितला तर काउंटर बंद झाला म्हणा.” आणि साडेदहाला ते खरंच तसं म्हणाले, तर घड्याळाकडे बघून “दीडपर्यंत असतो ना!” असं ओरडू नका.